ते की ती

आमच्या कचेरीत एक कादंबरी आली आणि सगळे आळीपाळीने रडू लागले.

पहिला मान संपादिकेचा. "सातवं प्रकरण वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाहीये," असं ती डब्याचं झाकण उघडत म्हणाली आणि पुढच्या दहा मिनिटांत तिने डबा चाटूनपुसून साफ केला. मग प्रकाशक. त्यांनी एका बैठकीत 'अस्वस्थ' हा शब्द आठ वेळा वापरला. विक्रीचं काम बघणारा काही रडला नाही, पण त्याने डोळे बारीक करून सुचवलं की मुखपृष्ठावर लहान मुलाचा एकच बूट ठेवा, रिकामा, म्हणजे लोक दुकानात थबकतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बूट केवढा हवा यावर अर्धा तास चर्चा झाली. चार वर्षांच्या मुलाचा बूट जास्त हलवतो की सात वर्षांच्या मुलाचा, हे चांगली शिकलेली माणसं एकमेकांना गंभीरपणे विचारत होती.

मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून ऐकत होते. मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणारी बाई. एकतीस वर्षं हेच करते आहे, कधी कचेरीत, कधी छापखान्यात. कचेरीत मला पाठीमागे मात्राबाई म्हणतात, आणि मला ते माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. रडण्याच्या कामात मला कुणी धरत नाही. मला काना, मात्रा, वेलांटी एवढंच दिसतं असा सगळ्यांचा समज आहे आणि मी तो मोडत नाही, कारण त्यामुळे बैठकीतून लवकर सुटका होते.

सातव्या प्रकरणात एका लहान मुलाला त्याचा बाप मारतो. नऊ पानं मारतो. चामड्याच्या पट्ट्याने मारतो, आणि खिडकीतून तिरपा सोनेरी प्रकाश येत असल्यामुळे पट्ट्याचं बकल दर फटक्याला चमकतं. चौदा वेळा चमकतं. मग त्या मुलाचा थोरला भाऊ धावत येतो, मुलाच्या अंगावर पालथा पडतो आणि उरलेला मार आपल्या पाठीवर घेतो. इथे संपादिकेने समासात शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, 'केवढं हे प्रेम!' मार का बसतो, हे कुठेच नाही. मार विनाकारण आहे, आणि म्हणे तेच त्यातलं मोठेपण.

मुलाला नाव नाही. मुलगा की मुलगी, तेही सांगितलेलं नाही. नुसतं 'मूल'. ते पडलं, ते उठलं, ते रडलं नाही. संपादिकेच्या मते हे थोरच आहे, कारण त्यामुळे ते जगातलं प्रत्येक मूल होतं. माझ्या मते प्रत्येक मूल म्हटलं की ते कुठलंच मूल राहत नाही, आणि मग कुणाला तोंड दाखवायची पाळी येत नाही. पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मला मलपृष्ठावरचा मजकूर तपासायला दिला होता. 'ह्रदयाला हात घालणारी कादंबरी.' पाच जणांनी मिळून हा मजकूर लिहिला होता आणि पाचही जणांनी 'ह्रदय' लिहिलं होतं. ज्याला हात घालायचा ते धड लिहिता येत नाही.

लेखक माझा सख्खा थोरला भाऊ आहे. हे कचेरीत सगळ्यांना माहीत आहे. "तुम्हाला किती अभिमान वाटत असेल," असं संपादिका मला रोज एकदा म्हणते. मी "हो ना" म्हणते. दोन शब्दांत काम भागत असेल तर तिसरा खर्च करू नये.

आता खरं काय झालं ते सांगते. मी सांगितलं तर नऊ पानं लागत नाहीत.

आमचे बाबा शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही. कापडाची मोठी कात्री भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असायची, आणि तिला हात लावायचा नाही हा घरातला पहिला आणि शेवटचा कायदा. कापडाच्या कात्रीने कागद कापला की तिची धार जाते. मग ती कापड कापत नाही, चावते. शिंप्याच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. दादा अकरा वर्षांचा होता, त्यालाही माहीत होतं. पण त्याला पुस्तक करायचं होतं. एके दिवशी बाबा मागे जेवायला गेले, आई गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायला गेली, आणि दादाने कात्री काढली. आठ पानं कापली, बाबांच्याच दोऱ्याने शिवली. मी सात वर्षांची. मी कागद धरले होते, हौसेने धरले होते, कारण दादा पुस्तक करत होता. कपटे माझ्या फ्रॉकवर पडले.

जेवून आल्यावर बाबांनी एका कोटाच्या कापडाला कात्री लावली आणि कात्रीने ते चावलं. चांगलं, महागाचं कापड, बोटभर कुरतडलं गेलं.

"हिनं कागद कुणी कापला?" बाबांनी विचारलं.

मी दादाकडे बघितलं. तो आता सांगेल म्हणून बघितलं. पुस्तक त्याच्या शर्टाच्या आत होतं आणि तो मूग गिळून उभा होता. बाबांना माझ्या फ्रॉकवरचे कपटे दिसले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. मग त्यांनी गज उचलला. गज म्हणजे कापड मोजायची लाकडी पट्टी, तीन फूट लांब, कडेला लोखंड. पाच फटके. चौथा मी हाताने अडवला आणि डाव्या करंगळीचं हाड मोडलं. ती अजून सरळ होत नाही. प्रूफ वाचताना मी तीच ओळीखाली धरते. वाकडी असल्याने बरोबर बसते.

बाबा राक्षस नव्हते. त्याआधी त्यांनी मला मारलं नव्हतं, नंतरही नाही. संध्याकाळी त्यांनीच करंगळीला कापडाची पट्टी बांधली. त्यांनी जन्मात पट्टाही लावला नाही. शिंप्याने पट्टा लावणं म्हणजे आपल्याला आपल्याच कमरेचं माप घेता येत नाही अशी दवंडी पिटणं, असं ते म्हणायचे. आणि दादाने त्यांच्या हातात पट्टा दिला. थोरला धावत आला वगैरे तर सोडाच. थोरला त्या खोलीतच होता. दोन हातांवर होता.

फटके मला फारसे आठवत नाहीत. मी सगळा वेळ दादाकडे बघत होते, ते आठवतं. एकोणपन्नास वर्षं झाली. मला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं: कागद मी कापला. तीन शब्द. माफी नको, रडणं तर नकोच नको. बाबा गेले तेही 'आमची धाकटी फार उचापतखोर' असंच सगळ्यांना सांगत गेले, आणि दादा त्यांच्या उशाशी बसून ऐकत होता. तीन शब्द त्याच्याकडून निघाले नाहीत. तीनशे बारा पानं निघाली.

तर मी ती तीनशे बारा पानं तपासायला घेतली. ओळीखाली करंगळी, हातात लाल पेन. सातव्या प्रकरणात 'ते मूल' एक्केचाळीस वेळा येतं. ते, त्याला, त्याचं, त्याने. भाषा चोख, दादाचं व्याकरण पहिल्यापासून चांगलं. आणि मग पान एकशे त्रेचाळीस, वरून सहावी ओळ:

'पट्टा पुन्हा उचलला गेला, पण ती थोरल्याकडेच बघत होती.'

करंगळी तिथेच थांबली. संपादिकेने हे पान तीनदा वाचलं होतं. प्रकाशक याच पानावर अस्वस्थ झाले होते. कुणाला दिसलं नाही, कारण ते रडण्यात गुंतले होते. 'ते'चं 'ती' होणं मी समजू शकते, हात घसरतो. पण घसरलेला हात पुढे जाऊन क्रियापद बदलत नाही. 'बघत होती.' दादा लिहिता लिहिता तिथे पोचला होता, त्या खोलीत, आणि त्याने बघितलेलं लिहून टाकलं होतं. मग पुढच्या ओळीत घाईघाईने मूल परत आलं होतं. ते रडलं नाही, म्हणे.

आमच्या कामाचा एक नियम आहे. शुद्धलेखनाची चूक मी सुधारते. पण अर्थाचा प्रश्न असेल तर मी हात लावत नाही; समासात शंका लिहिते आणि लेखक उत्तर देतो. लेखकाने उत्तर दिलं नाही तर मजकूर आहे तसाच छापायचा. मी लाल शाईने समासात लिहिलं: 'ते की ती? लेखकाने ठरवावे.'

प्रूफ टपालाने पाठवायचं असतं. मी स्वतः घेऊन गेले.

वहिनीने चहा केला. दादाच्या खोलीत तीन भिंती पुस्तकं आणि चौथ्या भिंतीवर दादाचे फोटो. वहिनी भोळी आहे, माझा तिच्यावर राग नाही. "अहो, काय सांगू," ती म्हणाली, "ह्यांनी परवा मित्रांना सातवं प्रकरण वाचून दाखवलं ना, तर एक जण मध्येच उठून बाहेर गेले."

"पंखा बंद होता का?" मी विचारलं.

दादा हसला. माझ्या बोलण्यावर हसून ते निकालात काढायची त्याची जुनी रीत आहे. मी बिस्कीट बुडवलं आणि विचारलं, "पट्टा कशाला घातलास? गज होता."

"पट्टा दिसतो गं. बकल चमकतं. गज म्हणजे काय हे आता कुणाला कळतंय?"

"मला कळलं होतं."

"कसला गज?" वहिनीने विचारलं.

"काही नाही गं, दुकानातली जुनी गोष्ट," दादा म्हणाला.

"आणि तो थोरला मध्ये पडतो, ते?"

"छोटे, ती कादंबरी आहे."

"हो ना, म्हणूनच तो पडू शकला."

दादाने कप खाली ठेवला. क्षणभर मला वाटलं, निघतात तीन शब्द. पण त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "लोकांना असं काही वाचवत नाही, तरी ते वाचतात. त्यातून काहीतरी चांगलं होतं यावर माझा विश्वास आहे." हे वाक्य त्याने नंतर दोन मुलाखतींतही वापरलं.

"पान एकशे त्रेचाळीस नीट बघ," मी उठताना म्हणाले. "शंका आहे."

"तू असताना मी काय बघायचं? तूच बघ."

"शंकेला उत्तर लेखकानं द्यायचं असतं, दादा."

प्रूफ आठवड्याने परत आलं. मी एकूण बासष्ट शंका काढल्या होत्या. एकसष्ट शंकांना दादाने सुबक अक्षरात उत्तरं दिली होती. एके ठिकाणी तर 'वा, छान पकडलंस' असंही लिहिलं होतं. पान एकशे त्रेचाळीसवर उत्तर नव्हतं. माझ्या प्रश्नाशेजारी निळ्या शाईचा एक ठिपका होता, वाटाण्याएवढा, कागदात मुरून मागच्या पानावर उतरलेला. पेन टेकवून माणूस बराच वेळ नुसता बसला की असा ठिपका पडतो.

खोटं कशाला बोलू, त्या ठिपक्याने मला हलवलं. तीनशे बारा पानांना जमलं नाही ते ठिपक्याला जमलं. मला वाटलं, पुसत नाहीये म्हणजे ठेवतोय. माझा वेडेपणा, पण वाटलं. आणि नियम तर नियमच. उत्तर नाही, मजकूर आहे तसा. 'ती' छापून आली.

प्रकाशनाचा समारंभ एका लहानशा सभागृहात होता, दुपारी चारला. दारात मुखपृष्ठाचं मोठं चित्र: रिकामा बूट. शेवटी सहा वर्षांच्या मुलाचा घेतला होता, तडजोड म्हणून. एका नटाने सातवं प्रकरण वाचून दाखवलं. दर फटक्याला तो थांबायचा, लोकांना हळहळायला वेळ मिळावा म्हणून, आणि लोकही वेळेवर हळहळायचे. माझ्या मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "मला नाही बाई ऐकवत," आणि नीट ऐकू यावं म्हणून पुढे सरकून बसली. प्रकाशकांनी भाषणात 'अस्वस्थ' चार वेळा म्हटलं. मग कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं सांगितलं.

तीन-चार प्रश्न ठरल्यासारखे झाले. एवढं दुःख तुम्ही कसं पेललंत, वगैरे. दादाने पेललं ते सांगितलं. मग चौथ्या रांगेतून एक ठेंगणी बाई उभी राहिली. ती एका ग्रंथालयाची ग्रंथपाल. तिच्याकडे पुस्तक आठवडाभर आधीच गेलं होतं. तिने पानात घातलेली चिठ्ठी काढली आणि चष्मा वर सरकवला.

"माझा प्रश्न लहान आहे," ती म्हणाली. "पान एकशे त्रेचाळीस. सगळीकडे 'ते मूल' आहे, इथे एकदाच 'ती' आहे. हे मुद्दाम आहे का?"

दादा माईकजवळ वाकला. त्याने पहिल्या रांगेत माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की मी कधीपासूनच त्याच्याकडे बघते आहे. छप्पन्न वर्षांची बाई, पांढरे केस, हातात पर्स, आणि बघते आहे कशी, तर तो आता सांगेल म्हणून.

"छे छे," दादा म्हणाला. "मुद्रितशोधनातली चूक आहे. आता माझी धाकटी बहीणच ते काम करते, त्यामुळे मला रागावताही येत नाही."

सगळे हसले. प्रेमाने हसले. वहिनीने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. प्रकाशक म्हणाले, "दुसऱ्या आवृत्तीत नक्की दुरुस्त करू," आणि शंभर माणसांनी माना वळवून माझ्याकडे, फ्रॉकवर कपटे पडलेल्या मुलीकडे बघितलं.

"पण क्रियापदही 'होती' आहे," ग्रंथपाल बाई म्हणाली. ती बसली नव्हती. देव तिचं भलं करो. "एका वाक्यात दोन ठिकाणी सारखीच चूक कशी होईल?"

मी उभी राहिले. माईक कुणी दिला नाही, पण एकतीस वर्षं छापखान्याच्या यंत्रांवरून ओरडून बोलणाऱ्या बाईला माईक लागत नाही.

"चूक नाही," मी म्हणाले. "हस्तलिखितात 'ती'च आहे. मी समासात विचारलं होतं, उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही तर मजकूर तसाच ठेवतात. ती मी आहे."

मग कुणीतरी नाक ओढलं, कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. मागच्या रांगेतल्या बाईने रुमाल काढला. संपादिका तर दोन्ही हात तोंडावर धरून रडत होती; तिचं रात्रीचं जेवण आता झकास होणार होतं. विक्रीवाला मोबाइलवर माझा फोटो काढत होता. यांना मार दाखवा, टाळ्या. मार खाल्लेली बाई दाखवा, टाळ्या. मी हात वर करून त्या थांबवल्या.

"टाळ्या नकोत. पट्टा नव्हता, गज होता. आणि मार विनाकारण नव्हता. बाबा शिंपी होते. त्यांच्या कापडाच्या कात्रीनं कागद कापून तिची धार घालवली होती. ती मी घालवली नव्हती. आणि कुणी मध्ये पडलं नव्हतं."

वहिनीचा हात माझ्या गुडघ्यावरून कधीच निघाला होता. ती दादाकडे बघत होती आणि तिच्या कपाळावर आठी पडली होती.

"मग कागद कुणी कापला?" ग्रंथपाल बाईने विचारलं. साधा प्रश्न. नवीन आलेल्या पुस्तकाला क्रमांक द्यावा तसा.

मी उत्तर दिलं नाही. शंकेला उत्तर लेखकाने द्यायचं असतं. मी खाली बसले आणि दादाकडे बघितलं. तो सही करायच्या पेनाचं टोपण लावायचा प्रयत्न करत होता आणि ते लागत नव्हतं.

या वेळी सगळेच त्याच्याकडे बघत होते.